नाशिकमध्ये सिटीलिंकने फिरायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिटीलिंक म्हणजे नाशिकची शहर बस. तिच्याबद्दलचे हे प्रश्न नव्याने नाशिकला आलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत, रेल्वेने मुंबईला अपडाऊन करणाऱ्यांचे आहेत, त्र्यंबकला निघालेल्या पाहुण्यांचे आहेत आणि आई-वडिलांना एकटं बसने पाठवताना जीव टांगणीला लागलेल्या मुलांचेही आहेत. भाडं आणि वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून ते इथे मुद्दाम दिलेलं नाही. शहराची रचना मात्र वर्षानुवर्षं तीच आहे, आणि ती डोक्यात बसली की बसचं निम्मं कोडं सुटतं. प्रश्नांना क्रमांक दिलेत ते एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता यावं म्हणून.

१. सिटीलिंक म्हणजे एसटीच ना? मग नाव वेगळं का?

नाही, दोन्ही वेगळ्या. एसटी राज्याची आहे. सिटीलिंक चालवते नाशिक महानगर परिवहन महामंडळ, आणि ही महापालिकेची कंपनी आहे. घोळ होतो कारण पूर्वी कित्येक वर्षं नाशिकची शहर बस एसटीच चालवत होती. तोटा वाढत गेला, फेऱ्या कमी होत गेल्या, आणि अखेर महापालिकेने शहर बस आपल्याकडे घेतली. सिटीलिंकची पहिली बस ८ जुलै २०२१ रोजी रस्त्यावर आली. ताफा ठरवला होता २५० बसचा, त्यात २०० सीएनजीच्या आणि ५० डिझेलच्या.

एक गोष्ट प्रवाशालाही माहीत असलेली बरी. बस आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे असतात, आणि त्याला बस किती किलोमीटर धावली त्या हिशेबाने पैसे मिळतात. कंडक्टरही ठेक्यावरच आहेत. तिकिटाचे पैसे जातात महामंडळाकडे. बस थांब्यावर का थांबली नाही (प्रश्न १३) आणि सेवा एकाएकी बंद का पडते (प्रश्न १५) या दोन्हींची मुळं या व्यवस्थेत आहेत.

२. निमाणी, सीबीएस, शालिमार, द्वारका, नाशिकरोड... नक्की कुठे जाऊन बस पकडायची?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सीबीएस, म्हणजे सेंट्रल बस स्टँड, हा मधला बिंदू धरा. समोर जिल्हा न्यायालय, जवळच जिल्हाधिकारी कार्यालय. तिथून पाच दिशा फुटतात.

पश्चिमेला त्र्यंबक रोड. या रस्त्यावर सातपूर, अशोकनगर, श्रमिकनगर आणि पुढे त्र्यंबकेश्वर. वायव्येला अशोक स्तंभावरून गंगापूर रोड, म्हणजे बारदान फाटा, गंगापूर गाव, गिरणारे. दक्षिणेकडे सिडको, पवननगर, उत्तमनगर, अंबड आणि पाथर्डी फाटा. आग्नेयेला शालिमार, द्वारका, उपनगर, बिटको करत नाशिकरोड स्टेशन, आणि तिथून पुढे देवळाली कॅम्प, भगूर, सिन्नर. उत्तरेला रविवार कारंजा, होळकर पूल, पंचवटी कारंजा, मग निमाणी, आणि निमाणीहून म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, ओझर, दिंडोरी.

आता नियम सोपा आहे. तुमचं घर आणि तुम्हाला जायचं ठिकाण एकाच दिशेला असेल तर थेट बस शोधा. दोन वेगवेगळ्या दिशांना असेल आणि थेट बस लवकर मिळत नसेल, तर सीबीएस किंवा शालिमारला उतरून बदला. पंचवटीपलीकडच्या गावांसाठी निमाणी, आणि देवळाली-भगूर-सिन्नरसाठी नाशिकरोड. द्वारकेला बदलायचं मी तरी टाळायला सांगेन. तिथे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड एकमेकांना छेदतात. रस्ता ओलांडणं जिवावरचं काम आहे, आणि समोरच्या बाजूचा थांबा जवळ वाटला तरी पोहोचायला वेळ लागतो.

सीबीएसलाही दिशेप्रमाणे थांबे वेगवेगळे आहेत. नाशिकरोडची बस जिथे थांबते तिथेच सातपूरची थांबेल असं धरून चालू नका. पहिल्यांदा जात असाल तर थांब्यावरच्या कुणालाही विचारा, नाशिककर हाताला धरून दाखवतात.

३. सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा, महामार्ग: हे सगळे सिटी बसचेच स्टँड आहेत का?

हे एसटीचे स्टँड. ठक्कर बाजारला लोक नवीन सीबीएस म्हणतात आणि मेळा स्थानक त्याला लागूनच आहे. ही तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. महामार्ग स्टँड मात्र मुंबई नाक्यावर आहे. बाहेरगावाहून येणाऱ्याला घ्यायला जाताना फोनवर नुसतं 'सीबीएसला उतर' म्हणू नका, स्टँडचं पूर्ण नाव सांगा. सिटी बस यांच्या बाहेरच्या रस्त्यावर मिळते. निमाणीही मुळात एसटीचाच स्टँड, पण तिथून शहर बस सुटतात.

४. नाशिकरोड स्टेशनला उतरलो, काळाराम मंदिर आणि रामकुंडाला जायचंय. कुठली बस?

निमाणीची. निमाणीला उतरलात की पंचवटी कारंजाकडून काळाराम मंदिर आणि रामकुंड, दोन्ही चालत होतात.

पण नाशिकरोडहून निमाणीला जायच्या दोन वाटा आहेत आणि इथेच पाहुणे गोंधळतात. एक बस बिटको, उपनगर, द्वारका, शालिमार करत शहराच्या पोटातून जाते. दुसरी जेलरोडने दसक-पंचक, नांदूर नाक्यावरून पंचवटीत शिरते. पाटीवर दोन्हीकडे 'निमाणी' असतं, फरक 'मार्गे'च्या पुढच्या शब्दात. थेट पंचवटीतच जायचं असेल तर दोन्ही चालतील. वाटेत शालिमार किंवा सीबीएस भागात काम असेल तर जेलरोडची चालणार नाही.

स्टेशन ते सीबीएस अंतर साधारण नऊ किलोमीटर आहे. नाशिकला स्टेशन गावाबाहेर आहे हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाडी पकडायला ते वेळेवर निघतील.

५. बसच्या पाटीवर फक्त शेवटचं ठिकाण मोठं दिसतं. माझा थांबा वाटेत येतो का, हे कसं ओळखायचं?

'मार्गे' वाचा. सरकती पाटी असेल तर ती एकदा पूर्ण फिरेपर्यंत थांबा. आणि चढताना कंडक्टरला 'नाशिकरोडला जाते का?' असं विचारू नका, तुमच्या थांब्याचं नाव घेऊन विचारा. 'दादा, उपनगरला थांबते का?' याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात येतं.

'तपोवन' लिहिलेली बस बघून पंचवटीतले लोक तिच्यात बसत नाहीत, निमाणीचीच वाट बघत उभे राहतात. तपोवनात सिटीलिंकचा डेपो आहे, त्यामुळे तिकडच्या बस बऱ्याच असतात. 'निमाणीवरून जाते ना?' एवढं विचारा आणि बसा.

६. ॲपवर बस पाच मिनिटांवर दाखवतं आणि बस येतच नाही. ॲपवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण कसा ते सांगते. सिटीलिंकच्या ॲपवर बस नकाशावर दिसते, आणि तिथे दोन वेगवेगळ्या प्रकारची माहिती असते. एक म्हणजे ठरलेली वेळ, ती वेळापत्रकातून येते. दुसरी म्हणजे बसची प्रत्यक्ष जागा, ती बसमधल्या यंत्रावरून येते. बस नकाशावर सरकताना दिसत असेल तर ती खरोखर येते आहे. नुसती वेळ लिहिलेली दिसते, पण नकाशावर बस नाही, असं असेल तर फेरी रद्द झालेली असू शकते. अशा वेळी दुसरा पर्याय शोधा.

आणखी एक. शेवटच्या स्टँडवर उभी असलेली बस ॲपला 'जवळच आहे' असं वाटतं. ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत आणि सुटायची वेळ होईपर्यंत ती जागची हलत नाही. निमाणीच्या जवळपास राहणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव आहे, त्यात बिघाड काही नाही.

सकाळी द्वारका आणि संध्याकाळी मुंबई नाका, या दोन ठिकाणी अडकलेली बस कुठल्याही ॲपचं ऐकत नाही. त्या वेळेला पंधरा-वीस मिनिटं हातात ठेवूनच निघा.

७. तिकीट कसं काढायचं? सुट्टे नसले तर?

बसमध्ये कंडक्टर मशीनमधून छापील तिकीट देतो. ॲपवरही काढता येतं. मोबाइलवर काढलेलं तिकीट चढण्याआधी उघडून ठेवा, भर गर्दीत नेट गेलं की वाद होतो. सुट्टे जवळ ठेवाच. पहिल्या फेरीच्या कंडक्टरला पाचशेची नोट देणं म्हणजे त्याला आणि मागच्या दहा जणांना अडवणं.

भाडं टप्प्याने ठरतं. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा असतो, शहर बसचा त्याहून बराच लहान. त्यामुळे एक थांबा आधी उतरलात तर कधी भाडं कमी होतं, कधी काहीच फरक पडत नाही. तुमचा थांबा टप्प्याच्या कुठल्या बाजूला पडतो यावर ते आहे. रोज जाणाऱ्याने हे एकदा कंडक्टरला विचारून घ्यावं.

तिकीट उतरेपर्यंत सांभाळा, तपासनीस कुठेही चढतात. बस बदललीत की नवीन तिकीट. रोज दोन बस बदलाव्या लागत असतील तर प्रश्न ९ बघा.

८. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. सिटीलिंकच्या कंडक्टरने पूर्ण पैसे घेतले. फसवलं का?

नाही, त्याने बरोबरच घेतले. एसटीतली महिलांची ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून सुरू झाली. पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. या सगळ्या सवलती राज्य सरकारने एसटीला दिलेल्या आहेत. शहर बस महापालिकेच्या कंपनीची असते आणि आपल्या सवलती ती स्वतः ठरवते. म्हणून एका शहराचा नियम दुसऱ्या शहरात लागू होत नाही. मुंबईहून किंवा ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांनी तिकडचं गृहीत धरू नये.

वाद बहुतेक वेळा त्र्यंबकच्या रस्त्यावर होतो, कारण तिथे दोन्ही बस धावतात. त्याचं पुढे प्रश्न १० मध्ये आहे. एसटीचं ज्येष्ठांचं कार्ड दाखवूनही शहर बसमध्ये उपयोग होत नाही, आणि त्यावरून सत्तरीतल्या माणसाला भर बसमध्ये मान खाली घालावी लागते. हे घरच्यांनी आधीच समजावून सांगितलं तर टळतं. माझं मत विचाराल तर सरकारने ही सवलत शहर बसलाही द्यायला हवी. दवाखान्यात जाणारी आजी एसटीने जात नाही, ती सिटी बसनेच जाते.

९. पास काढणं परवडतं का?

रोज जाऊन-येऊन, महिन्यातले वीसेक दिवस जात असाल तर जवळजवळ नेहमीच परवडतं. दोन बस बदलून जाणाऱ्याला तर नक्कीच. हिशेब असा करा: रोजचा जाण्या-येण्याचा खर्च गुणिले प्रत्यक्ष जाण्याचे दिवस, आणि त्याची तुलना पासच्या रकमेशी. सुट्ट्या वजा करायला विसरू नका. दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या महिन्यात कॉलेजच्या मुलांचा पास वाया जातो, तेव्हा काढायची तारीख बघून काढा.

विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. शाळा-कॉलेजचं बोनाफाईड, आधार आणि फोटो बरोबर ठेवा. जून-जुलैत पास केंद्रावर रांगा लागतात, प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात जा. पासवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव सारखं हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे पास याच कारणाने अडलेले मी बघितलेत.

१०. त्र्यंबकेश्वरला सिटीलिंकने जावं की एसटीने?

तुम्ही कोण आहात आणि कुठून निघताय त्यावर आहे.

महिला आणि ज्येष्ठांचा घोळका असेल तर एसटी स्वस्त पडते, कारण प्रश्न ८ मध्ये सांगितलेली सवलत. ती थांबतेही कमी. नाशिकरोड स्टेशनहून सामानासकट निघाला असाल तर सिटीलिंकची थेट बस सोयीची, मध्ये सीबीएसला उतरून स्टँड शोधावा लागत नाही. सातपूर, अशोकनगर, महिरावणी इथे राहणाऱ्यांना किंवा शिकणाऱ्यांना शहर बसच बरी, ती त्यांच्या दारात थांबते.

अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे. मोकळ्या दिवशी तासभर धरा. खरा वेळ जातो दर्शनाच्या रांगेत. सोमवारी आणि सुट्टीच्या दिवशी रांग किती चालेल ते सांगता येत नाही, त्यामुळे त्र्यंबकला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ स्टँडवर विचारून घ्या आणि मगच रांगेत लागा.

अंजनेरीला जायचं असेल तर त्र्यंबकपर्यंत जाऊ नका. अंजनेरी फाटा आधी येतो, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. फाट्यापासून गाव आणि पुढे गडाचा पायथा चालायचा आहे, हे लक्षात घेऊन सकाळीच निघा.

श्रावणातला तिसरा सोमवार आणि पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा हे दोन दिवस वेगळेच. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला इतके लोक येतात की खासगी गाड्या वाटेतच थांबवल्या जातात. पुढे जायला बसच उरते, आणि जादा बस सोडलेल्या असतात. त्या दिवशी गाडी घरी ठेवून नाशिकहूनच बसने गेलात तर सर्वांत सुखाचं.

११. शहराबाहेर सिटीलिंक कुठपर्यंत जाते? शिर्डी, वणी?

हद्दीबाहेरच्या जवळच्या गावांना जाते: त्र्यंबक, सिन्नर, ओझर, दिंडोरी, गिरणारे, भगूर. शिर्डी आणि वणीच्या सप्तशृंगी गडाला एसटी. नवरात्रात गडावर खासगी गाड्यांना बंदी असते, पायथ्याच्या नांदुरीपासून वर एसटीच नेते. बाहेरच्या गावांच्या शहर बसला फेऱ्या कमी असतात. एक चुकली तर दुसरी लगेच नाही, आणि परतीचा विचार जाण्याआधी करावा लागतो.

१२. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास आहे. बसने वेळेत पोहोचता येईल का? आणि रात्री परत येताना?

सकाळी येईल, पण सिडको-सातपूरकडून निघणाऱ्याने पहिल्या फेरीवर सगळं सोपवू नये. पहिली बस वेळेवर सुटली तर रस्ते मोकळे असल्याने ती झपाट्याने जाते. ती रद्द झाली तर मात्र गाडी चुकते. एकाच भागातून जाणारे दोघं-चौघं अपडाऊनवाले ओळखीचे करून घ्या. बस आली नाही की मिळून रिक्षा करता येते.

परतीची पंचवटी नाशिकरोडला येते रात्री साडेनऊनंतर. गाडी उशिरा आली की शहरात जाणारी शेवटची बस हुकू शकते. रात्री दहानंतर बसच्या भरवशावर राहू नका. देवळालीगाव, जेलरोड, उपनगरपर्यंत जाणाऱ्यांना शेअर रिक्षा मिळते. सिडको किंवा गंगापूर रोडला जाणाऱ्यांनी घरून कुणाला तरी बोलावून ठेवलेलं बरं. रात्रीच्या या एका तासासाठी दोन-चार जादा फेऱ्या मिळाव्यात, ही मागणी अपडाऊनवाल्यांनी सोडू नये. त्या गाडीला प्रवासी ठरलेले आहेत, ते रोज त्याच वेळी उतरतात.

१३. हात दाखवला तरी बस थांबली नाही. तक्रार करून काही होतं का?

होतं, तक्रार नेमकी असेल तर. प्रश्न १ आठवा. ठेकेदाराला पैसे किलोमीटरचे मिळतात, प्रवाशांच्या संख्येचे नाहीत. थांबा सोडला तर तिकिटाचं नुकसान महामंडळाचं होतं. म्हणूनच महामंडळ अशा चुकांसाठी ठेकेदाराला दंड करतं. पण 'तुमच्या बस थांबत नाहीत' एवढ्यावर दंड होत नाही. बसचा क्रमांक, मार्ग, थांब्याचं नाव, कुठल्या दिशेची बाजू आणि घड्याळातली वेळ लिहा. बसची जागा यंत्रात नोंदलेली असते, त्यामुळे वेळ बरोबर असेल तर पडताळा करता येतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. सकाळी कॉलेजच्या वेळी गंगापूर रोडवर आणि महिरावणीच्या बाजूला बस दारापर्यंत भरलेली असते. अशी बस थांबली नाही तर तो ड्रायव्हरचा हट्ट नसतो. शक्य असेल तर एक-दोन थांबे मागे जाऊन चढा.

१४. आईला सिव्हिलला किंवा संदर्भला न्यायचंय. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, स्मार्टफोनही वापरता येत नाही.

सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय. त्यासाठी त्र्यंबक रोडची, म्हणजे सातपूरकडची कुठलीही बस. संदर्भ सेवा रुग्णालय शालिमारला आहे, नाशिकरोड-निमाणी वाटेवर. बिटको रुग्णालय नाशिकरोडला. आडगावच्या मेडिकल कॉलेजला निमाणीहून जावं. रिक्षावाला 'मेडिकल' म्हटलं की कुठेही सोडतो, म्हणून गावाचं नाव घ्या.

गुडघे दुखत असतील तर बस जिथून सुटते तिथून चढवा. बस उभी असते, पायऱ्या सावकाश चढता येतात, पुढची सीट मिळते. राखीव सीटवर कुणी बसलं असेल तर कंडक्टरला सांगा, उठवणं हे त्याचं काम आहे. ओपीडी सकाळी असते आणि गर्दीही तेव्हाच, त्यामुळे कॉलेजच्या बसच्या आधीची एक बस धरा.

एकटी जाणार असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहून द्या: कुठे चढायचं, पाटीवर काय लिहिलेलं असेल, कुठे उतरायचं. परतीचा कागद वेगळा. पहिल्यांदा बरोबर जा आणि रस्ता ओलांडायची जागा दाखवून ठेवा, कारण जाताना आणि येताना थांबा समोरासमोर असेलच असं नाही. कंडक्टर ताई-दादांना 'आजीला सांगा' म्हटलं तर ते आवर्जून हाक मारतात. शहर बसबद्दल चांगलं बोलावं असं बरंच आहे, त्यात हे मी सगळ्यात वर ठेवेन.

१५. सकाळी थांब्यावर आलो तर एकही बस नाही. नंतर कळलं की काम बंद आहे. आधी कसं समजेल?

पगार थकला की ठेक्यावरचे कंडक्टर किंवा ड्रायव्हर काम बंद करतात. सेवा सुरू झाल्यापासून हे अनेकदा घडलं आहे. कधी एकाच डेपोच्या बस थांबतात. सिटीलिंकचे डेपो दोन, तपोवन आणि नाशिकरोड. त्यामुळे अर्ध्या शहरात बस दिसतात आणि अर्ध्यात नाही, आणि लोकांना वाटतं आपल्याच बाजूला काहीतरी झालंय.

आदल्या संध्याकाळी कंडक्टरांच्या बोलण्यात विषय असतो. विचारलं तर ते मोकळेपणाने सांगतात. सकाळी निघण्यापूर्वी ॲपच्या नकाशावर एकही बस हलताना दिसत नसेल तर ओळखा. परीक्षेचा किंवा मुलाखतीचा दिवस असेल तर दुसरी सोय आधीच ठरवून ठेवा. आणि थांब्यावर भेटलेल्या कंडक्टरवर राग काढू नका. पगार त्याचाच थकलेला असतो.

१६. मिरवणूक, यात्रा असली की बस कुठून जाते?

तीन दिवस लक्षात ठेवा. अनंत चतुर्दशीला मिरवणूक वाकडी बारवेपासून निघून महात्मा गांधी रोड, मेहेर, अशोक स्तंभ, रविवार कारंजा करत पंचवटीकडे जाते. तो पट्टा बंद असतो आणि पंचवटीकडच्या बस आडगाव नाका, कन्नमवार पूल, द्वारका अशा वळवल्या जातात. नवरात्रात कालिका मातेच्या यात्रेमुळे मुंबई नाका ते गडकरी चौक रस्ता वाहनांना बंद होतो, तेव्हा सिडकोच्या बसची वाट बदलते. रामनवमीनंतर कामदा एकादशीला पंचवटीत राम आणि गरुडाचे रथ निघतात, त्या संध्याकाळी निमाणीला बस मिळायला वेळ लागतो. पोलिसांची वाहतूक अधिसूचना एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्रात येते. त्यात तुमच्या चौकाचं नाव आहे का तेवढं बघा.

१७. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला तर?

गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर रामकुंड आणि सराफ बाजाराचा खालचा भाग आधी बुडतो. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून सगळं नाशिक पुराचा अंदाज घेतं. बस होळकर पुलावरून जाते, तो उंच आहे, त्यामुळे लहान पुरात बस चालूच राहते. २००८, २०१६ आणि २०१९ सारखा मोठा पूर आला की पोलीस पूल बंद करू शकतात. मग बस प्रश्न १६ मधल्याच कन्नमवार पुलाच्या वाटेने फिरते. पूर बघायला जाणाऱ्यांच्या गर्दीत मात्र बस अडकवू नका, त्याच बसमध्ये कामावरून घरी जाणारे बसलेले असतात.

१८. बसमध्ये पिशवी राहिली.

तिकिटावर बस आणि वेळेची नोंद असते, ते तिकीट घेऊन ती बस जिथे संपते त्या स्टँडवर जा. तिथे नाही मिळाली तर संध्याकाळनंतर डेपोत विचारा.

१९. कुंभमेळ्यात शहर बसने फिरता येईल का?

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पर्वणीच्या दिवसांत नेहमीचे मार्ग चालणार नाहीत, हे आत्ताच मनाशी धरा. २०१५ मध्ये बाहेरच्या वाहनतळांवर गाड्या थांबवल्या होत्या, तिथून बसने आतल्या तळापर्यंत आणि पुढे पायी, अशी व्यवस्था होती. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला स्नान करतात, म्हणून पंचवटी आणि त्र्यंबक रोड या दोन्ही बाजूंना एकाच वेळी निर्बंध येतात. पंचवटीत राहणाऱ्यांनी कामाची ठिकाणं, दवाखाने, मुलांच्या परीक्षा यांचा विचार आधी करावा आणि ओळखपत्रावर पत्ता नीट आहे ना ते बघावं.

कुंभाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले असताना थांबे तात्पुरते सरकतात. जुन्या थांब्याच्या शेडमध्ये उभं राहण्यापेक्षा लोक कुठे उभे आहेत ते बघा.

२०. आमच्या कॉलनीत बस येतच नाही. मागणी कुठे करायची आणि ऐकतं का कुणी?

सिटीलिंकच्या कार्यालयात लेखी द्या, प्रत नगरसेवकाला. 'आमच्याकडे बस हवी' असं न लिहिता त्यांना लागणारी माहिती द्या. किती घरं, सकाळी किती जण किती वाजता कुठे जातात, सध्याचा सर्वांत जवळचा थांबा किती लांब आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं, मोठी बस वळवायला जागा कुठे आहे. पुष्कळ मागण्या वळण्याच्या जागेवरच अडतात. एखादं मोकळं मैदान, मंदिरापुढचं पटांगण किंवा चौक दाखवता आला तर तिथे तपासणीला माणूस येतो. नवीन मार्गापेक्षा चालू मार्ग दोन थांबे वाढवून मागणं सोपं जातं, कारण त्यासाठी वेगळी बस लागत नाही.

बस सुरू झाली की पहिले काही महिने कॉलनीने ती वापरली पाहिजे. रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्याच आधी कापल्या जातात.